आधी सांगून दावा लावणाऱ्या माने काकू

माने काकूंना कुणाची तक्रार करायची असली की त्या आधी त्याच माणसासमोर जाऊन उभ्या राहायच्या. आखातात नोकरीला येऊन माहूजच्या बिल्डिंगमध्ये मी राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी वॉचमनला गाठलेलं पाहिलं. "भैया, लिफ्ट का कम्प्लेंट करने को जाता है मैं. तुमको पहले बताया. बाद में रोना नहीं." वॉचमन हसला, आणि संध्याकाळी लिफ्ट सुरू झाली. काकू कोल्हापूरच्या. मराठीतसुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच बोलायच्या. आधी कशाला सांगता, असं विचारलं तर म्हणाल्या, "न सांगता करतंय ते मांजर. आपण माणसं आहोत की."

कॉलेजात ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं लिहून माझा हात बसलेला. समोरच्याला सावध करू नका, हा तिथला पहिला धडा. तो मी काकूंना ऐकवला. "तुझं पत्रक तू वाच, पोरी," एवढंच उत्तर मिळालं.

काका वारल्यावर काकू बांधकामाचं सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघून घर चालवत होत्या. व्हिसा कंपनीचा, आणि त्याच व्हिसाला लेकीचा, केतकीचा व्हिसा लटकलेला. केतकी ईसा टाउनच्या शाळेत बारावीला. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. तिची बारावी झाली की गाडी विकायची आणि त्यातून तिच्या इंजिनिअरिंगची सुरुवात करायची, असं काकूंचं ठरलेलं.

उन्हाळ्यात सिग्नलला उभ्या असलेल्या त्या गाडीला मागून एका तरुणाच्या दांडग्या गाडीनं ठोकलं. चूक त्याची, तसं पोलिसांनी लिहूनही दिलं. त्याच्या विमा कंपनीनं दुरुस्ती करून दिली. सर्व्हेअर म्हणाला, "मॅडम, बिलकुल नई जैसी." काकूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "जैसी म्हणजे नवी न्हवं." खरंच होतं ते. गिऱ्हाईक आलं की पत्र्यावर मीटर लावतं, रंग जाड लागला की ॲक्सिडेंटची गाडी म्हणतं आणि भाव पाडतं. गाडी चालते, पण तिची किंमत मेलेली असते. ही घट ज्यानं ठोकलं त्यानं भरून द्यायची, एवढी साधी गोष्ट. वकील म्हणाला, कोर्टात मागता येईल. विमा कंपनी म्हणाली, असलं काही आम्ही देत नाही. ठीक, मग कोर्ट.

पण कोर्टाच्या आधी काकूंनी बेसनाचे लाडू केले. मला म्हणाल्या, "चल, बुसैतीनला त्या पोराच्या घरी जाऊन येऊ. त्यांच्या उंबऱ्यावर सांगून येतो." त्यांचे वडील गावाकडं बांधाचा दावा लावायच्या आधी भाऊबंदांच्या दारात जाऊन सांगून यायचे म्हणे. मी डोक्याला हात लावला आणि गेले.

त्या घरी आमचं स्वागत फार अगत्यानं झालं. त्या तरुणाच्या म्हाताऱ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं गहवा, त्यांची अरबी कॉफी, ओतली, खजूर पुढं केले, काकूंचं सगळं मोडकंतोडकं हिंदी-अरबी ऐकून घेतलं. "हक्क असेल तर माग, बहिणी," म्हणाले. मग सहज विचारलं, नोकरी कुठं करतेस? काकूंनी कंपनीचं नाव सांगितलं, वर कौतुकानं जोडलं, "आप लोग बिल्डिंग बांधते ना, उस को हमाराच माल आता है." इतका वेळ मोबाईलमध्ये असलेल्या मुलानं मान वर केली. म्हाताऱ्यानं पुन्हा कप भरला.

दावा लागला. त्यानंतर उघड असं काहीच घडलं नाही, आणि तेच भयंकर होतं. काकूंची रजा अडली. व्हिसाचं नूतनीकरण 'प्रोसेसमध्ये' राहिलं. मॅनेजर आपलाच, पुण्याचा. त्यानं केबिनचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, ते आपले सगळ्यात मोठे कस्टमर आहेत. आपण इथे पाहुणे."

"त्यांचा फोन आला का?" काकूंनी विचारलं.

"फोन कशाला यायला हवा?"

आजतागायत मला माहीत नाही, बुसैतीनहून कुणी काही बोललं का. मला वाटतं, नाही. धमकी द्यावीच लागली नाही. आपल्या लोकांनी ती घरच्या घरी तयार केली. दिवाळीच्या फराळाला मराठी मंडळातल्या बाया काकूंच्या शेजारची खुर्ची सोडून बसल्या. एक म्हणाली, "वहिनी, गाडी चालतेय ना? मग पेंटसाठी कशाला इतकं?" काकू म्हणाल्या, "तुमची ठोकली की मी बी असंच विचारतो." दुसऱ्या नोकरीसाठी त्यांनी ठिकठिकाणी विचारलं. सगळीकडून एकच उत्तर आलं, इंशाल्ला, देवाची इच्छा असली तर.

मग एके दिवशी मॅनेजरनं कागद दिला. दावा मागे घेतल्याची सही करा, व्हिसा लगेच होईल. केतकीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. काकूंनी कागद घरी आणला. मी तिथंच होते. खरं सांगते, सही करतील असं मला वाटलं, आणि करायला हरकत नाही असंही वाटलं. लेकीच्या वर्षापुढं गाडीचा भाव काय?

केतकीनं पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. "जस्ट साइन इट, मम्मी. एव्हरीबडी साइन्स."

काकू तिच्याकडं बघत राहिल्या. कुकरची शिट्टी झाली, तरी उठल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "ऐकलंस? सतराव्या वर्षीच हे शिकली ही."

दुसऱ्या दिवशी त्या मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. "सही करणार नाही. सांगायला आलो." महिना संपायच्या आत नोकरी खलास, व्हिसा खलास. शाळेत विनवण्या झाल्या, पण आईशिवाय मुलीला ठेवून घ्यायला एकही मराठी घर पुढं आलं नाही. मी एका खोलीत तिघींबरोबर राहते. माझ्याही व्हिसावर तिला आणता येत नव्हतं.

गाडी काकूंनी मिळेल त्या भावात दिली. दावा चालवायचं मुखत्यारपत्र माझ्या नावानं केलं. एअरपोर्टवर केतकी आमच्यापासून लांब, पाठ करून उभी होती. आठवडाभर ती आईशी बोललेली नव्हती. काकू म्हणाल्या, "एक ऐक. तिचं वर्ष मी घालवलं. मॅनेजरनं न्हाई, त्या पोरानं न्हाई. हे तुझ्या पत्रकात कुणाच्या गळ्यात घालू नकोस."

मी म्हणाले, "काकू, हे खोटं आहे."

"असंल. पण तिला कुणावर तरी रागवायचं हाय, आणि मी जवळ आहे की."

त्यांचं विमान पुकारलं. त्या दोघी आत गेल्या, केतकी पुढं, काकू मागं. तारीख पडली की मी कोर्टात जाऊन बसते. हा दावा मी चालवते, हे माझ्या ऑफिसातल्या मॅनेजरला मी अजून सांगितलेलं नाही.