आप्पांच्या पिशवीतला डबा

ती घटना आठवली की आजही मला एकट्यालाच हसू फुटतं. तेव्हा मी कर्नाटकात, निपाणी भागातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. शेजारच्या गावातले सत्तरीचे एक आप्पा मोटारसायकल ढकलत आवारात आले. घामाघूम आणि रागानं लालबुंद.

"साहेब, त्या आक्कानं माझ्या गाडीच्या चांगल्या क्लच प्लेटा काढून जुन्या घातल्या! चढाला इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी जाग्यावर!"

आक्का म्हणजे हमरस्त्याला गॅरेज चालवणारी बाई. वडिलांच्या हाताखाली शिकलेली, तोंडानं फटकळ. आप्पा मराठीत सांगत होते, आमचा रायटर, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, कन्नडमध्ये लिहीत होता आणि मी ते परत मराठीत वाचून दाखवत होतो. आमच्याकडं तक्रार अशीच होते. पण आप्पांनी त्याआधीच गावात चारचौघांत "आक्का चोर हाय" असं सांगून टाकलं होतं. चार दिवस तिच्या दारात एक गाडी लागली नव्हती. वर गुन्हा दाखल झाला असता, तर गॅरेजला कुलूपच लागलं असतं. म्हणून मी आधी चौकशी करायची ठरवली.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला, "गॅरेजच्या मागं पोत्यात बघा." हवालदार आणि दोन पंच घेऊन गेलो. पोत्यात खरंच क्लच प्लेटा भरलेल्या! हवालदार एवढा खूश झाला की लगेच पंचनाम्याचे कागद काढायला लागला.

आक्का कमरेवर हात ठेवून उभी. "नीट बघा की साहेब. जळक्या प्लेटा हायत त्या. परत्येकाला तारेनं चिठ्ठी बांधलीया, कुणाच्या गाडीच्या ते. गिऱ्हाईकानं विचारलं तर दाखवाय नको? आप्पांची चिठ्ठी न्हाय त्यात. त्यांचा क्लच मी उघडलाच न्हाय, निस्तं जुनं तेल काढून दिलं."

चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. आप्पांचं नाव नव्हतं. हवालदारानं कागदांची गुपचूप घडी घातली.

मग तिला ठाण्यात आणलं आणि आप्पांच्या देखत गाडी आडवी करून क्लचचं झाकण उघडायला लावलं. प्लेटा नव्या गाडीबरोबर कंपनीतून आलेल्याच होत्या आणि शाबूत होत्या. आक्कानं तेल दोन बोटांत चोळलं आणि विचारलं, "आप्पा, हे तेल कुठलं वतलंसा?"

"माझंच! तुमी लोकं डबं बदलतासा. म्हणून मी घरचं आणलं आणि डबा पिशवीतच धरून माझ्या हातानं वतलं. तुला दिसूसुदीक दिलं न्हाय!"

हे सांगताना आप्पांची छाती फुगली होती. ती पिशवी अजून हँडललाच लटकत होती. मी रिकामा डबा बाहेर काढला. पाठीमागं बारीक अक्षरात लिहिलं होतं, फक्त स्कूटरसाठी. सुनेच्या स्कूटरला आणलेल्या दोन डब्यांतला तो एक होता.

"स्कूटरचा, कारचा क्लच कोरडा, येगळा," आक्का म्हणाली. "मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतोय. त्याला हे निसरडं तेल घातलं की प्लेटा एकमेकींला धरतच न्हाईत. मोटारसायकलच्या डब्यावर एमए लिवलेलं असतंय, स्कूटरच्या डब्यावर एमबी. कंपनीच्या पुस्तकात दिलंय ते बघायचं, झालं की!"

तिनं तिथंच प्लेटा धुतल्या आणि बरोबर तेल भरलं. मी आप्पांना मागं बसवून तवंदी घाटाकडं गाडी काढली. एका दमात चढ! मागं आप्पा, "आयला, पळतीया की रं!" ठाण्याच्या साहेबाला 'रं' म्हणाल्याचं त्यांना भानही नव्हतं. मला तर एवढा आनंद झाला की वर पोचून परत एकदा चढ मारला.

आप्पा माणूस सरळ. जिथं तिला चोर म्हणाले होते, तिथंच त्याच लोकांपुढं हात जोडून चूक कबूल केली. दुसऱ्या दिवसापासून चष्मा लावून तिच्या गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायला आणि येणाऱ्या गिऱ्हाईकांचे तेलाचे डबे वाचायला लागले.

तक्रार अगदी मनापासून केलेली असली तरी आधी तक्रारदाराची पिशवी बघावी, हे मी त्या दिवशी शिकलो. आठवड्यानं माझी मोटारसायकल घेऊन आक्काकडं गेलो. तीही सहा महिने चढाला रडत होती आणि मी गाडीच्या कंपनीला शिव्या घालत होतो. दारातच आप्पांनी अडवलं.

"साहेब, पिशवी दावा आधी."

पिशवीत माझ्या कारचं उरलेलं तेल होतं.