अप्पाच्या मापाची खुर्ची

हे मी तोंडानं सांगायलोय, लिवायचं काम दुसऱ्याचं हाय. मला लिवाया-वाचाया येत न्हाई. साळंत मी एकदाच गेलो, ते बी आमची मेंढी आत शिरलती म्हणून.

हुमनाबादच्या हायवेला एका ढाब्यावर मी लई वर्सं रोट्या भाजलो. रोट्या बऱ्या व्हायच्या, पर लारीवाले थांबायचे ते माज्या तोंडासाठी. कुणाच्या टकलावर, कुणाच्या पोटावर, अन् कुणीच न्हाई गावलं तर सोताच्या नाकावर मी बोलायचो अन् लोकं हासायचे. माणूस हासला की मला जेवल्यावानी वाटायचं. त्या हासण्यापायी मी माज्या बापाला फरशीवर पाडलो. हातानं न्हाई, तोंडानं.

आमचं घर मेंढरवाल्याचं. अप्पा, म्हंजे माजे वडील, मेंढरं घिऊन आमच्या खटकचिंचोळीपासून पार आंध्रापातूर पायी फिरलेला माणूस. अंगानं बुटका, पर काटक. मी आईवर गेलो, इजंच्या खांबावानी लांब. आम्ही दोघं बाजारात निघालो की लोकं म्हणायचे, कोण कुणाला घिऊन चाललंय. मेंढरं इकली, आई गेली, गावातली अर्धी पोरं पुण्याला न्हाईतर हैदराबादला कामाला गेली. घरी अप्पा, मी अन् माजी बायकू, तिघंच ऱ्हायलो.

मंग एक दिवस अप्पाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात परत आला, पाय अर्धाच आला.

बीदरच्या दवाखान्यात कसरत शिकिवणारी एक बाई व्हती. कन्नडवाली, पर मराठी बोलायची. ती म्हणली, "अण्णा, आता उभं राहून आंघोळ बंद. खाली पाटावर बसणं बी बंद, उठताना पडतेत. खुर्ची पायजे. दोन्ही बाजूला धरायला हात पायजेत. बसल्यावर तळपाय पुरा जमिनीला टेकला पायजे. खुर्चीच्या चारी पायाला बूट घाला. भिंतीत एक लोखंडी दांडी बसवा. अन् यांना एकट्याला आत सोडू नका." मंग चित्रं काढलेला एक कागद दिली, खाली कन्नडात लिवलेलं.

"वाचायला येतंय न्हवं?"

"येतंय की," मी म्हणलो. "कन्नड, मराठी, उर्दू, समदं येतंय. फकस्त कागदावर आसलं की अडतंय."

ती हासली. तिला वाटलं मी मस्करी करायलोय. मला बी जेवल्यावानी वाटलं. कागद खिशात गेला अन् दुसऱ्या दिवशी ढाब्यावर रोट्याच्या टोपल्यात खाली अंथरला.

आमची न्हाणी मीच नवी बांधलती. शाबादी फरशी खरबरीत मिळायलती, पर मी म्हणलो, पालीशची टाका, गल्लीत कुणाकडं न्हाई. तोंड दिसायचं तिच्यात. ढाब्यावरनं प्लास्टिकची एक खुर्ची आणलो, न्हाणीत ठिवलो, पाणी ओतलो अन् बघाव म्हणून सोता बसलो. खुर्ची निघाली. मी तिच्या संगं निघालो. बादलीनं मला आडवलं.

बायकू पदर तोंडात घालून हासायली. मंग तिचं हासणं थांबलं. "तुमच्या जागी मामा आसते तर ओ?" ती माज्या अप्पाला मामा म्हणायची. "ती बाई बूट घाला म्हणलती न्हवं?"

बूट. मी हुमनाबादला चपला-बुटाच्या दुकानात गेलो. "चार बूट दाखवा," म्हणलो, "रबरी."

"दोन जोड?"

"डावे-उजवे कसलेबी चालतेत. घालणाऱ्याला कळत न्हाई."

"किती नंबर?"

"नंबर म्हायती न्हाई. पाय बारीक हाय, अंगठ्याएवढा."

त्यो माज्याकडं बघायलाय, मी त्येच्याकडं. खुर्चीला पायजेत म्हणल्यावर त्यो गिऱ्हाईक सोडून हासला अन् मला समोरच्या लोखंडाच्या दुकानात धाडला. बूट म्हंजे नळीच्या टोकाला बसिवायच्या रबरी टोप्या. ढाब्यावर ही गोष्ट मी म्हैनाभर इकलो.

त्या टोप्या प्लास्टिकच्या खुर्चीला बसंनात, म्हणून वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्यो दखनी बोलणारा, लारीच्या बाड्या जोडायचा. जाड नळीची खुर्ची कर म्हणलो, हाताची, अन् बसायच्या पाटीला भोकं पाड, पाणी खाली गेलं पायजे. त्यो इचारला, "उंची कित्ती?" मी म्हणलो, "थांब," अन् त्येच्या स्टुलावर बसून सोताच्या टाचंपासून गुडघ्यापातूर वितीनं मोजून दाखिवलो.

खुर्ची झकास झाली. घरी आणून अंगणात ठिवलो, अप्पाला बसिवलो. अप्पाचे पाय खाली लोंबायले, झोक्यावर बसल्यावानी. अप्पा पाय हालवून बघितले. "अरं भाड्या," म्हणले, "आंघोळ मी करायलोय का तू?"

परत गेलो. वेल्डिंगवाला डोक्याला हात लावला. "अरे हौले, कुर्सी तेरे बावा को होना, तेरे को होना? माप किसका दिया तू?" हौला म्हंजे येडा, अन् होना म्हंजे पायजे. मंग मी अप्पाचं माप सुतळीनं घिऊन गेलो, गाठ मारून. त्यो चारी पाय कापला, बूट घातला. आता अप्पाचा तळपाय बराबर टेकायला लागला. अप्पा उगंच बसायचे, उठायचे, हातानं खुर्चीचे दांडे चाचपायचे. खुर्ची आवडलती त्येंला. हे मी ध्यानात ठिवलंय. आवडलती.

इथं आमच्या गल्लीची एक रीत सांगाव लागती. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठिवत न्हाईत. खुर्चीत बसिवतेत, बसल्या बसल्या वरनं पाणी घालतेत, डोक्याला टावेल गुंडाळतेत, हार घालतेत, अन् लोकं पाया पडायला येतेत. लिंगायताच्या घरी तसंच, आमच्या मेंढरवाल्याच्या घरी बी तसंच. बारक्या लेकराला बी म्हायती.

ज्या सकाळी अप्पा खुर्चीवर पयली आंघोळ करणार व्हते, त्या सकाळी खुर्ची बघायला धा-बारा माणसं अंगणात जमली. अप्पा कपड्यासगट खुर्चीत बसलेले, खांद्यावर टावेल. माणसं दिसली की माजं तोंड खाजवतंय. मी टावेल उचललो, अप्पाच्या डोक्याला गुंडाळलो, दारावरचं झेंडूचं वाळकं तोरण काढून गळ्यात घातलो अन् वरडलो, "बसिवलं बगा अप्पाला! भजनवाल्याला बोलवा! सोयऱ्याला फोन लावा, उशीर करू नका म्हणावं!"

समदे हासले. एक म्हातारा खरंच पाया पडला, मंग तर जास्तीच. अप्पा बी हासले. तोंडात दात नव्हते, नुसत्या हिरड्या दिसल्या. ते हासले म्हणून मला वाटलं, चाललं.

बायकू तेवढी हासली न्हाई. तोरण काढून चुलीत टाकली.

त्या दिवशी अप्पा म्हणले, आंघोळ माजी मी करतो, तुमी कुणी आत येऊ नका. दार लोटून घेतले. पाण्याचा आवाज आला, वल्या अंगानं भायेर आले. रोज तसंच. भिंतीतली दांडी बसवायची ऱ्हायलती. मी म्हणायचो, उद्या बसवू. एकट्याला सोडू नका म्हणलती ती बाई, ते बी ध्यानात व्हतं. पर अप्पा आत एकले ऱ्हायले की मला ढाब्यावर लवकर जाता यायचं. ते आता सांगायला बी जड जायलंय.

आठ-पंधरा दिवसानं बायकू मला म्हणली, "ओ, मामा खुर्चीवर बसंना गेलेत."

"कशावरनं?"

"खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठिवल्याली आसती. वरी त्येंचं कोरडं धोतर. खाली पाणी, अन् पाटी कोरडी ठणठणीत. उभं राहून करायलेत, टावेल वाळवायची दोरी धरून."

"कामून?"

"कामून म्हणून मला इचारायलाव?"

मला कळलं. तवाच कळलं. तरी मी काय म्हणलो? "बसतेल की. खुर्ची कुठं पळून जायलीया का?" अन् ढाब्याला गेलो. अप्पाजवळ जाऊन दोन शब्द बोलायचे व्हते, चुकलं म्हणायचं व्हतं. शंभर माणसाम्होरं माजं तोंड चालायचं, बापाम्होरं चालंना.

तिसऱ्या दिवशी दोरी तुटली.

मी तंदूरपाशी व्हतो, निरोप आला. घरी गेलो तर अप्पा फरशीवर, त्याच पालीशच्या, तोंड दिसणाऱ्या. बायकू त्येंच्या अंगावर लुगडं टाकून डोकं मांडीवर घिऊन बसलेली. चांगला व्हता त्यो उजवा हात मनगटात मोडलता. खुर्ची बाजूलाच, भिंतीकडं तोंड करून, चारी बूट घालून हुबी. हाललीसुदिक नव्हती.

बीदरला तीच बाई भेटली. पलास्टर झाल्यावर मला कोपऱ्यात घिऊन इचारली, "अण्णा, कागद वाचला न्हवं? दांडी? सोबत माणूस?"

त्यो कागद रोट्याखाली तेलकट होऊन कवाच गेलता. "मला वाचायला येत न्हाई, म्याडम," मी म्हणलो. या खेपेला हासण्यावारी न्हाई. ती रागावली न्हाई. रागावली आसती तर बरं झालं आसतं. ती परत समदं तोंडी सांगितली, माज्याकडनं दोनदा म्हणून घेतली. आधी फरशीवर खरबरीत पट्टा टाक. पाणी आधी तुज्या हाताला लावून बघ. खुर्ची पोटऱ्याला लागूस्तर मागं सरकू दे, मंग दोन्ही हात, न्हाईतर एक हात, दांड्यावर, मंग बसव. उठताना घाई नको. साबण लावलेल्या हातानं धरू नको. पाढ्यावानी म्हणलो मी. जल्मात पयला पाढा.

दांडी त्याच दिवशी बसिवलो. वेल्डिंगवाला सोता आला, भिंतीत बोल्ट मारून वर लोंबकळून दाखिवला.

आता अप्पाला एक हात गळ्यात, एक पाय अर्धा. आंघोळ मलाच घालायची व्हती. खुर्चीचं तोंड भिंतीकडनं फिरवलो, पट्टा टाकलो, पाणी हाताला लावून बघितलो. म्हणलो, "अप्पा, बसा."

"नको. वल्या फडक्यानं पूस."

तीन दिवस पुसलो. चौथ्या दिवशी अंगाचा वास यायला लागला, मेंढराचा, त्येंचा जुना. ते सोताच तोंड फिरवायले. मी म्हणलो, "अप्पा, मी त्या दिवशी..." अन् फुडं येईना.

अप्पा म्हणले, "लोकं हासले, त्येचं काय न्हाई. पर बसलो की मला ते तोरण दिसतंय रं. वरनं पाणी पडलं की वाटतंय, झालं आता, समदे भायेर वाट बघायलेत."

मला एकच येतंय, सोताचं हासं करून घ्यायला. मी कपड्यासगट जाऊन त्या खुर्चीत बसलो. अप्पाच्या मापाची खुर्ची, माजे गुडघे छातीला लागले. तांब्या भरून अप्पाच्या डाव्या हातात दिलो, खालनं माजा हात लावलो. म्हणलो, "आधी माज्यावर घाला. मी उठतो का बगा."

दारात बायकू हुबी. मंग त्यो हात वर आला अन् तांब्या माज्या डोक्यावर पालथा झाला. अर्धं पाणी त्येंच्याच अंगावर.

"मेलास का?"

"न्हाई, अप्पा."

"अजून एक घालू?"

"घाला."

तीन तांबे घातले. तिसऱ्याला म्हणले, "हार आण ग, सूनबाई." बायकू हासली. ते पाणी तोंडावरनं वघळायलं तवा मी काय करायलो व्हतो ते कुणाला दिसलं न्हाई, तेवढं बरं झालं. "ऊठ आता, बस झालं," अप्पा म्हणले. मी उठलो. ते मागं सरकले, पोटऱ्या लागूस्तर, डावा हात दांड्यावर, अन् बसले.

तवापासून रोज पयला तांब्या माज्यावर. थंडीत बी. मी वल्याच कापडानं ढाब्याला जायचो, लारीवाले इचारायचे, "काय रं, आज बी पडलास का बादलीत?" मी म्हणायचो, "व्हय." ही गोष्ट मी तिथं कवाच इकलो न्हाई.

मनगट वाकडंच जुळलं. त्या हातानं अप्पाला परत काठी धरता आली न्हाई. आंगण सोडून ते कुठं गेले न्हाईत. पाऊण देश पायी फिरलेला माणूस.

पाच वर्सानं अप्पा गेले, झोपेत. गल्लीतले दोघं न्हाणीतनं खुर्ची उचलून आणायले. मजबूत हाय, हाताची हाय, म्हणले. मी आडवा आलो. "ही न्हाई," म्हणलो. "शेजारची आणा." त्येंला वाटलं बापाच्या दुःखानं याचं डोकं फिरलंय. शेजारची प्लास्टिकची आणले, तिच्यावर अप्पाला बसिवले. मी कडंला हुबा ऱ्हायलो अन् एक शब्द बोललो न्हाई.

खुर्ची अजून न्हाणीतच हाय. तंदूरपाशी हुबं राहून आता माजे गुडघे गेलेत, तिच्यावर मीच बसतो. बूट दोनदा बदलले. बायकू म्हणती, पाय वाढवून घ्या की ओ, वेल्डिंगवाला हाय अजून. मी न्हाई म्हणतो. गुडघे छातीला लागतेत, उठताना दांडी धरून दोनदा थांबाव लागतंय. थांबतो.