दोन ताटांचा माणूस

बाइंडिंगच्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण सुटे छापील कागद दुमडून, शिवून, खळ लावून त्यांचं सरळ पाठीचं पुस्तक कसं करायचं, हे त्यांच्याइतकं तिथे कुणालाच कळत नव्हतं. वय अठ्ठेचाळीस, हात नाजूक कामाचे आणि पोट मात्र दिवसेंदिवस पुढे चाललेलं. कापडी एप्रनच्या नाड्या आधी मागून पुढे येऊन बांधल्या जायच्या, आता मागच्या मागेच जेमतेम पोचत होत्या.

या पोटामागचं कारण मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. ते रोज रात्री दोनदा जेवत. आणि ही गोष्ट जगात त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

पहिलं जेवण साडेसातला, अण्णांबरोबर. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेलेला, त्यामुळे सगळं घड्याळाच्या काट्यावर. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि अण्णांचं जेवणच तुटलं. वाढलेलं ताट तसंच राहायचं. विचारलं तर म्हणायचे, "एकट्यासाठी काय जेवायचं." बघता बघता म्हातारा निम्मा झाला. एका संध्याकाळी मास्तर कामावरून आले, हातपाय धुतले आणि स्वतःचंही ताट घेऊन समोर बसले. अण्णांनी मुलाकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं आणि भात कालवायला घेतला. त्या दिवसापासून साडेसातची वेळ कधी चुकली नाही.

दुसरं जेवण अकराला, बायकोबरोबर. ती मोठ्या रुग्णालयात नर्स होती आणि गेली काही वर्षं तिच्या वाट्याला दुपारी दोन ते रात्री दहाची पाळीच आली होती. घरी पोचेपर्यंत अकरा वाजत. एकदा मास्तर पाणी प्यायला उठले, तर ती ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच गार भाजी खात होती. पायात अजून बाहेरच्या चपला होत्या.

"बसून तरी जेव," ते म्हणाले.

"एकटीसाठी कोण ताट काढणार?" ती म्हणाली.

हे वाक्य थोड्या फरकाने त्यांनी आधी ऐकलेलं होतं. त्यांनी दोन ताटं काढली. "मीही थांबलो होतो जेवायचा," असं खोटंच सांगून तेही बसले. तिचा चेहरा असा काही उजळला, की दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. तिसऱ्या दिवशी तर प्रश्नच उरला नाही. संध्याकाळी अण्णांना वाढतो, त्यांच्यासमोर नुसता बसतो, असं त्यांनी तिला सांगून टाकलं होतं. अण्णा नऊला झोपत, त्यामुळे अकराच्या ताटाची त्यांना गंधवार्ता नव्हती. दोघांनाही मास्तरांनी कशाचा पत्ता लागू दिला नाही.

सुरुवातीला निभावलं. मग घशाशी जळजळायला लागलं. पोट तुडुंब भरलेलं आणि लगेच आडवं व्हायचं. रात्री दोनला जाग यायची, उशांवर उशा रचून ते अर्धवट बसून राहायचे. पहाटे कुठे डोळा लागतोय तोवर उठायची वेळ. दिवसभर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. रात्रीच्या दोन जेवणांचा हिशेब करून ते सकाळचा नाश्ता सोडून पाहायचे, पण मग दुपारी कारखान्यातल्या बिस्किटांचा पुडा कधी संपला ते कळायचं नाही.

आणि मग ते कटिंग मशीनचं प्रकरण झालं. एका निवृत्त शिक्षिकेने आयुष्यभराच्या आठवणी लिहून पुस्तक छापून घेतलं होतं, एकशे वीस प्रती. शिवून तयार झालेल्या गठ्ठ्यांच्या कडा तेवढ्या कापायच्या होत्या. मास्तरांनी गठ्ठा लावला, माप बसवलं, आणि माप बसवता बसवताच क्षणभर त्यांची मान पडली. पुढचं सगळं हात सवयीने करत गेले. चाळीस प्रती कापून झाल्यावर त्यांनी एक उघडून पाहिली. प्रत्येक पानाची शेवटची ओळ अर्धी कापली गेली होती.

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. मालकांनी ती प्रत हातात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, पानं पुन्हा छापून घेता येतील. पण उद्या पात्याखाली कागदाऐवजी बोटं असली तर? डॉक्टरांना दाखवा. दाखवेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही." त्या बाईंना फोन मात्र मास्तरांनी स्वतःच केला आणि चूक आपली आहे हे सरळ सांगितलं.

डॉक्टरांकडे बायको बरोबर आली. वजन भरलं ब्याण्णव किलो. डॉक्टर तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. खाण्याचं, झोपेचं सगळं विचारलं.

"रात्री किती वाजता जेवता?"

"अकराला," बायकोने सांगितलं. "माझ्यासाठी थांबतात."

मास्तर भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मन लावून वाचायला लागले.

"उशिरा जेवलं म्हणजे लगेच वजन वाढतं, इतकं ते सोपं नाही," डॉक्टर म्हणाली. "दिवसभरात एकूण किती खाता, ते जास्त महत्त्वाचं. पण उशिरा खाणाऱ्यांचं बहुतेक वेळा एकूणच जास्त होतं. शिवाय भरल्या पोटी आडवं झालं की जळजळ होणार आणि झोपमोड होणार. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी भूक खवळते. हे एकात एक अडकलेलं आहे. जेवण आणि झोप यांच्यात दोन-तीन तास तरी ठेवून बघा, आणि बेतानं जेवा."

बायकोने हे मनावर घेतलं. तिने मास्तरांचं रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं. त्यांनी मुकाट्याने ते मान्य केलं, कारण पोटात आधीच एक जेवण होतं. वॉर्डात रुग्णांचा असतो तसा एक तक्ता तिने फ्रिजवर चिकटवला. वजन, किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली, सगळं रोज लिहायचं. महिन्याभरात वजन अर्धा किलो उतरलं आणि परत वाढलं.

"एवढंसं जेवून वजन उतरत नाही म्हणजे रक्त तपासायला हवं," ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती. मास्तरांना आतून अगदी ओशाळं वाटलं, पण तोंड उघडेना. खरं सांगायचं तर दोघांपैकी एकाचं ताट बंद करावं लागणार. कुणाचं करायचं?

तक्त्यात मात्र तिला एक गोष्ट दिसली. तिच्या सुट्टीच्या दिवशी तिघं साडेसातला एकत्र जेवत, आणि नेमक्या त्या रात्री मास्तर सहा-सहा तास ढाराढूर झोपलेले. तिची सुट्टी दर आठवड्याला वेगळ्या वारी यायची, तरी हे चुकत नव्हतं.

"हे असं कसं?" तिने विचारलं.

"तू घरात असलीस की बरी झोप लागते," ते म्हणाले. यात खोटं काही नव्हतं, पण सगळंही नव्हतं. ती लाजून हसली, आणि तक्त्याकडे पुन्हा एकदा पाहत राहिली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती वाढत होती. अण्णांना नेहमीचं आणि मास्तरांना आता अर्ध्याहूनही कमी, दोन चमचे भात, थोडी भाजी.

अण्णांनी मान वर केली. "सूनबाई, त्याला असं चिमणीसारखं का वाढतेस?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, अण्णा. रात्री बेतानंच जेवतात ते."

"बेतानं?" अण्णा म्हणाले. "रोज माझ्याबरोबर चांगलं चापून जेवतो की. परवा तर मी राहू दे म्हणत होतो, तरी याने परत भात घेतला."

वाढायचा चमचा हवेतच थांबला. मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा असूनही तोंडाला लावला. तिने चमचा खाली आणला. अण्णांच्या वाटीत भाजी घातली आणि स्वतः जेवायला बसली.

अण्णा झोपल्यावर तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन वर्षं व्हायला आली."

"आणि मी तुमचं रक्त तपासायला निघाले होते."

"अण्णा एकटे जेवत नाहीत गं. तू उभ्याने गार भाजी खात होतीस. मला दोन्ही बघवेना." मास्तर टेबलावरच्या कापडाची कड बोटांनी सरळ करत होते, पुस्तकाचं कापड पुठ्ठ्यावर ओढून घ्यावं तशी. "कुणाला नाही म्हणणार?"

ती आधी हसली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिने ते पदराने नाही, तर सरळ तळहाताने पुसले, वॉर्डात घाम पुसतात तसे. "अहो, मला तुमचं जेवण नको होतं," ती म्हणाली. "कुणीतरी समोर बसलेलं हवं होतं. नुसतं बसला असतात तरी चाललं असतं."

"रिकाम्या हाताने बसलो असतो तर तू दोन मिनिटांत आटोपलं असतंस."

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने डबा न्यायला सुरुवात केली. वॉर्डात साडेसातला पंधरा मिनिटांची सुट्टी असायची, आजवर ती सगळी चहात जायची. आता ती तेव्हा नीट बसून जेवायला लागली. रोज जमायचं असं नाही. एखादा गंभीर रुग्ण आला की डबा जसाच्या तसा परत यायचा. मग अकराला ती थोडं सूप किंवा एखादं अंडं खायची. मास्तर समोर बसायचे, हातात कोमट पाण्याचा पेला.

पहिला आठवडा त्यांना जड गेला. अकरा वाजले की भूक नसतानाही पोट आवाज करायचं. पहिल्यांदा ते तिच्या वाटीकडे बघत राहायचे आणि ती वाटी हाताने झाकून घ्यायची. मग त्यांनी एक युक्ती काढली. घरी शिवायला म्हणून ते कारखान्यातून एखादं जुनं, पानं सुटलेलं पुस्तक आणायचे आणि ती खात असताना सुई-दोऱ्याने ते शिवत बसायचे. हात गुंतले की बोलणंही सुचायचं. वॉर्डातल्या गोष्टी, शिकायला बाहेरगावी राहणाऱ्या लेकीच्या वसतिगृहाच्या तक्रारी, मालकांचा नवा चष्मा. पूर्वी तोंडात घास असल्यामुळे जे राहून जायचं ते आता बोलून व्हायला लागलं.

झोप आधी सुधारली. दोन आठवड्यांत उशा पुन्हा एकीवर आल्या. वजनाने मात्र सावकाश घेतलं. तीन महिन्यांत चार किलो, मध्ये एकदा एक किलो परत. डॉक्टरने तक्ता पाहिला, दोन ताटांची गोष्ट ऐकली आणि हसू आवरत म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंत तर माझं बोलणं निम्म्यावर आलं असतं." मालकांनी मास्तरांना पुन्हा मशीनपाशी उभं केलं. एकशे वीस प्रती नव्याने बांधून झाल्या तेव्हा त्या शिक्षिका स्वतः न्यायला आल्या. त्यांनी एक प्रत उघडून एका पानाची शेवटची ओळ मोठ्याने वाचली आणि ती प्रत मास्तरांच्या हातात ठेवली.

एका रात्री अण्णांना जाग आली. स्वयंपाकघरात उजेड आणि बोलणं. ते भिंतीला धरत आले आणि दारात उभे राहिले. सून सूप पीत होती, मुलगा पुस्तक शिवत होता.

"रोज असे बसता?" त्यांनी विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "या ना, बसा."

अण्णा बसले. थोडा वेळ सुईचा दोरा कागदातून ओढला जाण्याचा आवाज ऐकत राहिले.

"तुझी आई," ते मुलाला म्हणाले, "सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. संसारभर. मी तोवर झोपलेलो असायचो. काय जेवते, किती जेवते, कधी विचारलंच नाही."

सुनेने वाटी बाजूला ठेवली आणि आपली खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. "आईंना काय आवडायचं, अण्णा?"

अण्णांना ते चटकन आठवेना. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मास्तरांनी सुई खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. मध्येच अण्णा म्हणाले, "नाही, ते तिला नाही, तुला आवडायचं," आणि मग त्यांनाच एकेक आठवत गेलं. पावणेबारा वाजले तरी तिघंही उठले नाहीत.