वरच्यांचा कापला, वरच्यांनाच दिला

महामारीच्या वर्षी माझ्या सुनेचा पगार कापला गेला आणि आमच्या वाड्यावर त्याचे कोणालाही वाईट वाटले नाही. सून पाणीपुरवठ्याच्या एका सरकारी महामंडळात मोठ्या जागेवर आहे. ऑफिसची गाडी आहे, शिपाई आहे, दारावर नावाची पाटी आहे. तेव्हा ठरले असे, की पैसा कमी आहे तर खालच्यांना हात लावायचा नाही, वरच्या लोकांचा पगार काही महिने थोडा थोडा कापायचा. बातमी पाववाल्या पोदेराच्या सायकलीइतक्याच वेगाने घरोघर फिरली. दुसऱ्या दिवशी पोदेराकडून उंडे घेता घेता एक शेजारीण मला म्हणाली, "बरे केले गे. मोठ्यांचा कापला तर त्यांना कुठे दुखते?"

कुठे दुखते ते मला ठाऊक होते. माझा मुलगा सुर्ल्याच्या लोखंडाच्या खाणीवरून माल वाहायचा, स्वतःचा ट्रक होता. खाणी बंद पडल्या आणि ट्रक फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच, चाकांवर वेली चढल्या. घरात मिळवती ती सूनच. पण हे दारात उभे राहून सांगणार कोणाला? मोठ्या पगाराच्या माणसाला आपले रडगाणे गायची सोय नसते बघा. लोक ऐकतात आणि पाठ फिरली की हसतात.

सून मात्र शांत. म्हणाली, "आई, पाइपलाइनवरच्या माणसांचा कापला असता तर मला जेवण गेले नसते." मी पटकन बोलून गेले, "तुला गेले नसते, पण आम्हाला तरी नीट गेले असते." मग दोघी हसलो. हसलो खरे, पण मला ते सलत राहिले. पैसा कमी पडला तो काय हिच्यामुळे? हिने काय बिघडवले होते?

आता कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याचे सांगते, म्हणजे पुढचे कळेल. त्याचे वडील सिंधुदुर्गातून खाणीच्या ट्रकांवर कामाला आले आणि इथलेच झाले. हा इथेच वाढला, माझ्या हातचे खाऊन. खाणी गेल्यावर त्याला सुनेच्याच महामंडळात काम मिळाले, पण कंत्राटदाराच्या हाताखाली. डोंगरावरच्या टाकीपाशी बसायचे आणि वेळ झाली की एकेका गावाला पाणी सोडायचे. म्हणजे ऑफिसच्या हिशेबाने तो सुनेच्या खूप खाली, आणि घरच्या हिशेबाने धाकटा दीर. ऑफिसात तो तिला मॅडम म्हणायचा, घरी वयनी. ऑफिसात चुकून कधी वयनी म्हणाला नाही, आणि घरी मॅडम तर नाहीच नाही.

महामारी सरली. दोनेक वर्षांनी महामंडळाचे नाव झाले. नळ वाढले, तक्रारी घटल्या. वरून ठरले की बक्षीस द्यायचे, चांगले घसघशीत. कोणाला? तर वरच्या अधिकाऱ्यांना. कंत्राटी माणसे त्यात धरलीच नव्हती.

त्या बातमीनंतरच्या सकाळची गोष्ट. सून न्हाऊन, ओल्या केसांनी, मॅक्सीवर पंचा टाकून तुळशीला पाणी घालत होती. कुंपणापलीकडून तो म्हणाला, "मॅडम, आज पाणी उशिरा येतला. पायप फुटलो हा." एवढेच बोलून गेला. मी स्वयंपाकघराच्या जनेलाच्या गजांतून ऐकले. सुनेच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आपल्याच अंगणात, ओल्या केसांनी उभी असलेली बाई त्या सकाळी मॅडम झाली.

संध्याकाळी ती मला म्हणाली, "आई, ते पैसे मी घेऊ नये असे वाटते."

मी चिडले. म्हटले, "का गे? कापायच्या वेळी तुझा पहिला कापला, तेव्हा कोणी कुंपणावर आले नाही. आता देतात तर घे." आणि तिला माझ्या माहेरची रापण सांगितली. माझे माहेर हरमलचे. लहानपणी मी टोपली घेऊन बंदरावर जायची. सगळे मिळून जाळे ओढायचे, मग वाटे पडायचे. जाळ्याच्या मालकाचा वाटा मोठा. पण मासळी थोडी असली की आधी ओढणाऱ्यांना हुमणापुरती, घरच्या कालवणापुरती द्यायची आणि मालकाने रिकाम्या हाताने घरी जायचे. म्हणून भरल्या दिवशी त्याच्या मोठ्या वाट्याकडे कोणी डोळे वटारून बघत नसे. "तसेच तुझे," मी म्हटले. "वाईट दिवशी तू सोसलेस, आता तुझा वाटा उचल."

तिने सगळे नीट ऐकून घेतले. मग विचारले, "आई, भरल्या दिवशी ओढणारे रिकाम्या हाताने जायचे?"

जात नसत. भरल्या दिवशी तर आमच्यासारख्या नुसत्या दोराला हात लावणाऱ्या पोरींच्याही टोपलीत चार बांगडे पडायचे. मी उठून डाळ बघायला गेले.

डाळ ढवळताना डोक्यात तेच. खालच्याचे कापले नाही, की आपल्याला वाटते त्याच्यावर दया केली. पण कापताना त्याला बाजूला ठेवतात तसे देतानाही बाजूलाच ठेवतात. त्याला कुठल्याच वेळी मोजलेले नसते. आणि माझी सून दोन्ही वेळी मोजलेली. मोजले जाणे हासुद्धा मोठेपणाच म्हणायचा.

ती म्हणाली, दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये हे बोलणार. मग मात्र मी डाळीखालचा गॅस बंद करून बाहेर आले. तिच्या वरची जागा लवकरच रिकामी होणार होती आणि ती कोणाला द्यायची ते मीटिंगच्या मेजाच्या त्या टोकाला बसणारे ठरवणार होते. घर तिच्या एकटीच्या पगारावर. मी मुलाकडे बघितले, वाटले हा तरी अडवील. तो म्हणाला, "तिचा पगार, तिचे तोंड. मी काय सांगू?"

ती बोलली. कंत्राटी लोकांनाही काहीतरी द्या, नाहीतर मला नको, असे सरळ म्हणाली. साहेब माणूस गोड. म्हणाले, कंत्राटी लोक नियमात बसत नाहीत, पण तुम्हाला नको असेल तर तुमचे नाव काढतो. आणि काढले. एवढेच झाले. बाकीच्यांनी आपापले घेतले. वरची जागाही त्या वर्षी दुसऱ्याला गेली. ती याच कारणाने गेली की कशाने, ते कोण सांगणार.

मला वाटले होते, निदान शेजारी तरी खूश होईल. तो आला तो तणतणतच. सोप्यावरची कदेल ओढून बसला.

"तुमका नाव काढूक कोणी सांगलेला?"

सून म्हणाली, "कोणी नाही. मलाच बरे वाटेना."

"तुमका बरा वाटाचा म्हणून? आणि माका काय गावला? काय नाय. आता टाकीवर सगळे माका म्हणतत, तुझ्यासाठी मॅडमनी पैसे सोडले, आता तरी वेळेर येत जा. तुमी घेतले असते तर निदान तुमका गाळी घालूक गावले असते. आता त्याय नाय."

मी तोंडाला पदर लावला. सून हसली नाही. म्हणाली, "मग मी काय करायला हवे होते?"

"आदी इचारूक होया होता."

"बरे. आता विचारते. तुला काय पाहिजे?"

तो एवढ्या तयारीने भांडायला आला होता, पण या प्रश्नाची तयारी नव्हती. मग म्हणाला, "पगार म्हयन्याच्या सुरवातेक गावांदे. कंत्राटदार देता तेवा देता. गणपतीची चवथ होवन जाता तरी पगार नाय." उठता उठता परत वळला. "आणि टाकीच्या खोलीत एक पंखो."

पंखा लगेच लागला. पगाराला वेळ लागला. सुनेने कंत्राटदाराला सांगितले, माणसांचे पगार झाल्याशिवाय तुमचे बिल माझ्या टेबलावरून पुढे जाणार नाही. तो वर जाऊन तक्रार करून आला. घरी काजूंचा डबा पाठवला, तो तिने परत पाठवला. काजू चांगले होते, मी खोटे कशाला बोलू. पण हळूहळू पगार वेळेवर यायला लागला. एखाद्या महिन्याला अजूनही लांबतो, मग टाकीवरून फोन येतो आणि सून जेवता जेवता उठते.

यंदा अधिकाऱ्यांना पुन्हा बक्षीस मिळाले. नियम तोच. या खेपेस सुनेने घेतले. मला वाटले, आता ही कुंपणाकडे फिरकायची नाही. पण ती आपणहून गेली आणि त्याला सांगितले, बक्षीस आले, मी घेतले.

"किती?" त्याने विचारले.

तिने आकडा सांगितला, जसा होता तसा. मी जनेलापाशी भांडी घासत होते, सगळे ऐकू येत होते.

"बरेच," म्हणाला.

"हो, बरेच आहेत."

"आणि फुडे पैसो कमी पडलो तर? तेवा कोणाचो कापतले?"

"आधी आमचा कापावा. आणि ज्या वर्षी आम्हाला देतील त्या वर्षी तुम्हालाही द्यावे, थोडे का होईना."

"ता हंय कुंपणार सांगान काय उपयोग? मीटिंगेत सांगा."

"सांगितले," ती म्हणाली. "परवाच सांगितले. लिहून घ्यायला लावले."

मी घासलेली कढई पुन्हा घासायला घेतली. हे मला घरात कोणी सांगितले नव्हते.