काकाजींची भट्टी

१८ मे. अकोल्यातल्या माझ्या दुकानात कूलरचं कुजलेलं गवत बदलत होते, तेवढ्यात अमरावतीहून काकूंचा फोन आला. काकाजी उद्या कायमचे पुण्याला, मुलाकडे चालले होते. "दुकान खाली करून राहिलो बाई. ते भट्टी तू घेऊन जाय, नाही तं हे गाडीत बसत नाहीत."

मी हात धुतले आणि मोठी बॅटरी चार्जिंगला लावली. भट्टी चालूच आणावी लागणार होती. तिला गार होऊ द्यायचं नाही, हा काकाजींचा एकच कडक नियम. मी त्यांच्याकडे काम शिकायला लागले तेव्हापासून ती बंद झालेली मी पाहिली नव्हती. आज वाटेत गार झाली, तर त्यांनी इतकी वर्षं सांभाळलेलं सगळं माझ्या मांडीवर वाया जाणार होतं.

अमरावतीच्या मे महिन्यात हीटर विकत आणणारा माणूस मी एकच पाहिला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर काकाजींनी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. तो सगळा धंदा क्वार्ट्‌झच्या एका स्फटिकावर उभा. स्फटिक ठरलेल्या गतीने थरथरतो, त्याच्याशी ताडून बाकीची यंत्रं बरोबर करायची. पण तापमान बदललं की त्याचीही गती किंचित सरकते. काकाजी म्हणाले, "त्याले थंड ठेवनं आपल्या हातात नाही. उन्हाळ्याहून गरम ठेवू. मंग बाहेर काय चाललं हे त्याले समजनारच नाही." धातूच्या डबीत स्फटिक, त्याला चिकटून हीटर आणि तापमान बघून हीटर कमी-जास्त करणारं सर्किट. झाली भट्टी.

पहिली भट्टी त्यांनी पन्नास अंशांवर ठेवली. परदेशी पुस्तक वाचून ठेवली असणार. दुकानावर पत्रे. मे महिन्यात दुपारी डबी आपोआपच पन्नासच्या वर गेली आणि हीटर गप्प बसला. भट्टीला गरम करता येतं, गार करता येत नाही. काकाजी खो-खो हसले. "पाय, उन्हानं आपली नोकरी खाल्ली!" मग पंचाहत्तर अंशांच्या आसपास गती न सरकणारा स्फटिक शोधेपर्यंत ते हात धुऊन मागे लागले.

एकदा काकू डबा घेऊन दुकानात आल्या. भट्टीच्या पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाप्पा, किती तापलं हे लेकरू!" आणि आपण पाहुण्याकडे फिरवतो तसं कूलरचं तोंड तिच्याकडे फिरवून गेल्या. स्फटिकाच्या गतीचे आकडे डुलायला लागले. मला वाटलं, आता घरी भांडण. काकाजींनी मात्र खुर्ची ओढली. कूलर एकदा पेटीकडे, एकदा भिंतीकडे, पुन्हा पेटीकडे. दुपारभर हेच. गिऱ्हाईक ताटकळलं, वैतागलं. "काय करून राहिले काकाजी?" "पाहून राहिलो." दुसऱ्या दिवशी त्या पेटीभोवती थर्माकोलची आणखी एक पेटी आली आणि डुलणं थांबलं.

काकाजी कुठेही भेटले तरी तब्येत विचारायचे नाहीत. लग्नाच्या मांडवातसुद्धा, "बाहेर किती, आत किती?" मी अकोल्यात दुकान काढलं आणि उपग्रहाकडून वेळ घेणारं यंत्र आणलं, तेव्हा वाटलं, आता भट्टीची गरज संपली. त्यांनी दोन्ही यंत्रं शेजारी लावून दाखवली. उपग्रहाची वेळ क्षणाक्षणाला हिंदकळते, पण दिवसभराची सरासरी पक्की. भट्टी क्षणाला पक्की, पण महिन्यांनी सरकते. "दोघाईले एकमेकावर नजर ठेवू दे," म्हणाले.

काकूंचा फोन आला त्याच दुपारी बॅटरी घेऊन अमरावतीला पोचले. भट्टीचा दिवा बंद होता. पेटीला हात लावला. गार. मी काकूंवरच घसरणार होते.

"तिले काही म्हणू नको," काकाजी म्हणाले. "मीच बंद केली. सकाळी."

"काहून?"

"बंद करू नको, बंद करू नको म्हणत जिंदगी गेली. पन बंद करून चालू केल्यावर हा स्फटिक पहिल्या गतीवर, त्याच जागी वापस येते का, हे मीच कधी पायलं नाही. हिंमतच झाली नाही पोरी. आता मले पाहाचं हाये."

"आणि नाही आला तर?"

"तं नाही आला. मालूम तं पडंन."

 मी पेटी गाडीत ठेवली. चार्ज केलेली बॅटरी तशीच परत आणली. अकोल्यात पोचल्याबरोबर भट्टी चालू केली आणि रात्रभर उपग्रहाच्या यंत्राशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पाहिला आणि अकोला स्टेशनवर गेले. त्यांची गाडी तिथे थोडा वेळ थांबते. काकाजी दारातच उभे होते, मागे काकू.

"सांग."

"पहिल्या जागेहून खाली आहे. पण हळूहळू वर सरकून राहिला."

"तिथंच जाईन का?"

"आत्ताच सांगता येत नाही."

"मंग इथं काय करून राहिली?" गाडी हलली तसे ते ओरडले. "जाय, पाय त्याच्याकडे!"

मी दुकानात आले, शटर वर केलं आणि दुसरं रीडिंग घेतलं.