आबांच्या डबीतल्या दोन गोळ्या

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा दुसऱ्यांदा फुगवला तेव्हाच मी ओळखलं की पहिला आकडा त्यांना पटलेला नाही. कारखान्यातली वर्षाची तपासणी चालू होती. कागलच्या एमआयडीसीतली आमची फौंड्री, आणि मी तिथं एकोणीस वर्षं क्रेन चालवत होतो. छताखालच्या रुळांवरून धावणारी क्रेन, तिच्या पोटाला चिकटलेली काचेची केबिन आणि खाली हुकाला लटकलेली वितळलेल्या लोखंडाची बादली. बादली नुसती म्हणायला, तिच्यात अख्खा माणूस उभा राहील. आम्ही तिला लॅडल म्हणतो. क्रेनवाल्याचे डोळे आणि बीपी तपासून डॉक्टरांची सही झाल्याशिवाय त्याला वर चढता येत नाही.

“एकशे बहात्तर, एकशे सहा,” डॉक्टर म्हणाले. “दहा मिनिटं शांत बसा. बोलू नका.”

दहा मिनिटांनी वरचा आकडा एकशे शहात्तर झाला.

“घरात कुणाला आहे का?”

“वडिलांना हाय. सहा वर्षं झाली, उजवी बाजू गेली.”

“तंबाखू?”

“सोडली.” पुडी खिशातच होती.

“डोकं दुखतं? धाप लागते?”

“काय बी होत न्हाय, साहेब.”

हे मात्र खरं होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काही होत नाही म्हणूनच मोजावं लागतं. कोल्हापुरात चांगल्या डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढा, गोळी सुरू करा. सोमवारी परत बघू. तोवर क्रेनवर चढायचं नाही.”

तो गुरुवार होता. ते तीन दिवस मी खाली फिरत होतो. माझ्या क्रेनवर दुसऱ्या पाळीतला ऑपरेटर होता आणि मी मान वर करून त्याच्या चुका बघत होतो. कुणी विचारलं तर सांगायचं, अशक्तपणा आलाय. जमिनीवरून क्रेनला इशारे करणारा आमचा माणूस मात्र फसला नाही. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, सगळी फौंड्री त्याला मामा म्हणायची. वरून मला त्याचा हातच तेवढा दिसायचा, आणि त्या हातावर भरवसा ठेवून मी एकोणीस वर्षं लॅडल हलवली होती.

“गोळी चालू कर मर्दा,” तो म्हणाला. “त्यात काय हाय?”

मी कोल्हापुरात कुठल्याच डॉक्टरांकडं गेलो नाही. का, ते आज सांगायला सोपं वाटतं, तेव्हा ते स्वतःलाही सांगता येत नव्हतं. नवी क्रेन येणार अशी बोलवा होती. ती खालूनच रिमोटवर चालणार, केबिन नसणार. मग केबिनवाल्यांतला आधी कोण जाणार? ज्याच्या कागदावर काहीतरी लिहिलंय तो. आणि दुसरी भीती घरात कॉटवर बसलेली होती.

वडिलांचं, म्हणजे आबांचं, बीपी आम्हाला ठाऊक होतं. त्यांना गोळ्याही होत्या. पण “मला काय तरास न्हाय” म्हणून त्यांनी त्या स्वतःच्या मनानं बंद केल्या आणि वर्षभरात एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला. वाचा गेली. आता काहीही विचारलं तरी तोंडातून एकच शब्द येतो, “व्हय.” भूक लागली तरी व्हय, पाय दुखला तरी व्हय, नको असलं तरी व्हय. आतलं सगळं शाबूत आहे हे त्यांच्या डोळ्यांत दिसतं, पण बाहेर यायला वाट नाही. तेव्हा दवाखान्यात मी त्यांच्यावर चिडलो होतो. गोळी बंद करायला कुणी सांगितलं होतं, असं त्यांच्या तोंडावर बोललो होतो. आणि आता माझी वेळ आली तेव्हा मला वाटत होतं, गोळी सुरू केली की मीपण त्या कॉटच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

आबांसाठी आणलेलं बीपीचं मशीन घरात होतं. शनिवारी संध्याकाळी बायको बाजारात गेल्यावर मी ते दंडाला लावलं. एकशे सत्तर. पाच मिनिटांनी परत लावलं, एकशे अठ्ठ्याहत्तर. मोजायला बसलो की छाती धडधडायची, धडधडली की आकडा वाढायचा, वाढला म्हणून परत मोजायचं. त्या संध्याकाळी मी अकरा वेळा मोजलं. दंडावर लाल वळ उठला. समोर कॉटवर आबा बसून हे बघत होते. शेवटी डाव्या हातानं त्यांनी माझ्या दंडाकडं बोट केलं, मग स्वतःच्या मेलेल्या उजव्या हाताला ते बोट लावलं.

“हिला सांगू नका,” मी म्हणालो.

“व्हय,” आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

सोमवारी सकाळी सहाला, बायको आंघोळीला गेलेली असताना, मी आबांची गोळ्यांची डबी उघडली. बायको दर रविवारी सात दिवसांच्या गोळ्या त्या डबीत खणाखणांत भरून ठेवायची. सोमवारच्या खणातली सकाळची गोळी घेतली. ती एकच पुरणार नाही असं वाटलं, म्हणून रात्री झोपताना द्यायची गोळीही घेतली. दोन्ही एका घोटात गिळल्या. रात्रीची गोळी रात्रीच का द्यायची, हे आबांच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं: ती घेऊन उभं राहिलं की अंधारी येते. मला ते आठवत होतं. पण मला आकडा पाहिजे होता.

कंपनीच्या बसमध्ये काहीच वाटलं नाही. आठ वाजता कारखान्याच्या दवाखान्यात पट्टा फुगला, सुटला.

“एकशे अडतीस, शहाऐंशी.” डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “गोळी सुरू केली?”

“न्हाय. त्या दिवशी झोप झाली नव्हती, म्हणून वाढलं असंल.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“जातो की.”

त्यांनी गुरुवारचे आकडे परत वाचले आणि सही केली. मी शिडी चढून केबिनमध्ये गेलो तेव्हा मला इतका आनंद झाला होता की खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला.

पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसरी लॅडल भट्टीवरून उचलली आणि साच्यांच्या रांगेकडं निघालो. मधे खाली एक ट्रॉली आडवी आल्यासारखी वाटली, म्हणून वाकून बघायला खुर्चीवरून उठलो. उभा राहिलो आणि काच दिसेनाशी झाली. आधी कडा काळ्या झाल्या, मग सगळंच काळं. कानात पाणी गेल्यासारखा आवाज. हात दांड्यावरून सुटला. दांडा सोडला की तो आपोआप मधे येतो आणि ब्रेक लागतो, एवढ्या एका गोष्टीनं त्या दिवशी खालच्या माणसांना वाचवलं.

शुद्ध आली तेव्हा मी खुर्ची आणि पत्र्याच्या भिंतीमधे मुडपून पडलो होतो. केबिन एका माणसापुरती. पाय पसरायला जागा नाही, खाली तापलेलं लोखंड, वर तापलेलं छप्पर. अंग थंड घामानं भिजलं होतं. उठायला गेलो की परत अंधारी यायची. दार एका हातावर होतं आणि त्या दारापर्यंत जाणं मला जमत नव्हतं. एकोणीस वर्षं जिच्यासाठी जीव टाकला त्या केबिनमधून मला फक्त बाहेर पडायचं होतं.

मी हात वर करून भोंगा दाबला आणि दाबूनच ठेवला. खाली माणसं पळाल्याचा आवाज आला. मग मामाचा आवाज, शांत, फक्त मोठा.

“रस्ता मोकळा केलाय. खाली कोण न्हाय. दिसतंय का तुला?”

“अंधारी आलीया,” मी ओरडलो. आवाज फुटत नव्हता.

“उठू नको. पाय वर घे. डोकं खालीच ठेव.”

मी पाय खुर्चीवर टाकले. थोड्या वेळानं छताचे पत्रे दिसायला लागले. माझी सही होईपर्यंत म्हणून सकाळी बोलावलेला दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर शिडीवरून दारापर्यंत आला होता, पण मी आत असताना त्याला आत शिरता येत नव्हतं आणि मला ओढून काढायचं तर माझ्या हातापायांत जोर पाहिजे होता. लॅडल तशीच लटकत होती. आतलं लोखंड आळायला लागलं की लॅडल गेली, आणि तसं वजन अधांतरी ठेवून माझ्याभोवती माणसांनी काम करणं त्याहून वाईट.

“बसून चालवशील?” मामानं विचारलं. “सरळ बघू नको. माझा हात बघ. मी सांगतो तेवढंच.”

ऑपरेटरनं दारातून माझं बखोट धरून मला खुर्चीत बसवलं. मान खाली घालून, केबिनच्या तळाशी असलेल्या काचेतून मला मामाचा हात दिसत होता. हात आडवा झाला, मी दांडा किंचित ढकलला. मूठ मिटली, सोडला. असं करत करत लॅडल मागं नेली आणि स्टँडवर टेकवली. हुकावरचा भार गेला तशी क्रेन अंग झटकल्यासारखी हलली, आणि मला उलटी झाली. मग मला पट्ट्यानं बांधून खाली उतरवायला बराच वेळ गेला.

दवाखान्यातल्या बाकावर डॉक्टरांनी बीपी मोजलं. चौऱ्याऐंशी, पन्नास. सलाईन लावली आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं.

“काय घेतलंत?”



“सकाळी सही मी केलीय,” ते म्हणाले. “मला सांगा.”

मी सांगितलं. ते रागावले नाहीत, खुर्चीत बसले. मग म्हणाले, “गुरुवारीच गोळी सुरू केली असती ना, तर महिना-दीड महिन्यात मीच तुम्हाला वर पाठवलं असतं. बीपी आहे म्हणून कुणाला घरी बसवत नाहीत. आटोक्यात नसलं तर खाली ठेवतात, एवढंच.”

हे वाक्य मी अजून गिळू शकलेलो नाही.

त्याच दिवशी मला कोल्हापुरात हलवलं. छातीची सोनोग्राफी केली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. एक भिंत जाड झाली होती. जोर लावून लावून दंड फुगतो तशी, त्या म्हणाल्या, पण हृदयाला हा जोर परवडत नाही. हे काल-परवाचं नव्हतं, वर्षानुवर्षांचं होतं. लघवी तपासली, डोळ्यांच्या आतल्या शिरा बघितल्या. चोवीस तास दंडाला एक यंत्र बांधून दिलं. ते अर्ध्या-अर्ध्या तासानं आपलं आपण दंड आवळायचं. जेवताना, बोलताना, झोपेत. त्याच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती.

त्याच संध्याकाळी बायको माझ्या कॉटशेजारी बसली होती. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याबद्दल काही बोललीच नाही.

“म्हणजे आज सकाळी आबांची गोळी चुकली,” ती म्हणाली. “खण रिकामा बघून मला वाटलं तुमी दिली. मी इचारलं बी, आबा, गोळी घेतली न्हवं? तर म्हणाले, व्हय.”

ती उठून बाहेर गेली आणि शेजारणीला फोन करून आबांचं बीपी मोजायला लावलं. वाढलेलं होतं, फार नाही. ती परत आली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “त्यांना बोलता येत न्हाय. तुमाला येतंय की.”

चौकशी झाली. मी सगळं लिहून दिलं. नोकरी राहिली, क्रेन गेली. आता मी साच्यांच्या गोदामात असतो. सकाळी गोळी घेतो, माझी स्वतःची. जेवणात मीठ कमी, खर्डा बंद, तंबाखू खरोखर सुटली. आकडे आता बरे असतात. पण गोदामाला एकच खिडकी आहे आणि तिच्यातून क्रेनचा नुसता आवाज येतो.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मामा घरी आला. चहा घेतला, आबांशी दोन शब्द बोलला आणि मग शर्टाची बाही वर करून म्हणाला, “जरा बघ.”

मी पट्टा बांधला. एकशे चौसष्ट, शंभर. थांबून परत बघितलं. तेवढंच.

“ह्यातलं कागदावर काय जात न्हाय न्हवं?” त्यानं विचारलं. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

“न्हाय. पण तू डॉक्टरांकडं जा.”

“जातो की. तू कुठं बोलू नको.”

ते “जातो की” माझंच होतं. ज्यानं मला वरून खाली आणलं त्याचं नाव मी सांगायचं, की त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर लॅडल हलत असताना गोदामात गप्प बसायचं? दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं.

“शुक्रवारपर्यंत तू सांग,” मी म्हणालो. “न्हायतर मी सांगणार.”

त्यानं डबा बंद केला. “तुला मी खाली उतरवलं, ते ह्यासाठी?”

“व्हय,” मी म्हणालो.

गुरुवारी तो स्वतःच दवाखान्यात गेला. गोळी सुरू झाली, तीन आठवडे त्याला इशाऱ्याच्या कामावरून बाजूला ठेवलं आणि मग परत घेतलं. त्याचं काहीच गेलं नाही. माझ्याशी मात्र तो पहिल्यासारखा बोलत नाही. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी मागं जाऊन बसतो. परवा उतरताना त्यानं खिशातनं गोळ्यांचं पाकीट काढलं, अर्धं संपलेलं, मला दिसेल असं धरलं, आणि पुढं चालू लागला.