काचमावशींची अकरावी बाटली

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं बाटल्या धुणाऱ्या बाईंना सगळे काचमावशी म्हणतात. आमच्या वस्तीच्या नळाचं पाणी तपासायचं ठरलं, तेव्हा रिकाम्या बाटल्या मला त्यांनीच दिल्या. वर तंबी, "झाकणाच्या आत बोट घातलंस तर बघ!"

धुण्याची त्यांची रीत ठरलेली. आधी साबण, मग ॲसिडच्या पाण्यात भिजत, मग शुद्ध पाण्याने तीनदा. हातमोजे फाटके, बोटांच्या पेरांना भेगा. दहा बाटल्या निघाल्या की त्याच घाण्यात, म्हणजे त्यांच्याबरोबरच धुतलेली अकरावी शुद्ध पाण्याने भरायची, सील करून तारखेची चिठ्ठी लावायची आणि फळीवर ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. फार पूर्वी एकदा दुसऱ्याच्या चुकीचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं होतं, तेव्हापासूनचा हा हट्ट.

आमच्या पाण्यात शिसं निघालं, मर्यादेच्या चौपट. आणि प्रयोगशाळेच्या साहेबांना एकदम साक्षात्कार झाला, की बाटल्याच घाणेरड्या होत्या! मावशींनी तसं कबूल करून सही करायची, म्हणजे अहवाल रद्द. सही नाही तर नोकरी नाही.

त्या दिवशी मावशी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "वाच रे."

मी वाचलं. 'सदर महिलेचा लॅबोरेटरीच्या तांत्रिक कामाशी संबंध नाही. तिच्या निष्काळजीपणामुळे निकाल चुकला.'

"संबंध नाही, मग निकाल मी कसा चुकवला?" मावशी कडाडल्या. "आणि ही लॅबोरेटरी म्हणजे नेमकं काय? पुढच्या दारावर केवढी पाटी आहे. आम्हाला मागचं दार."

मी रद्दीतून उचललेला शब्दकोश काढला. शब्द लॅटिनमधून आलेला. 'लाबोर' म्हणजे कष्ट. ओझ्याखाली डगमगणं हा मूळ अर्थ असावा असं काही जाणकार म्हणतात, पण खात्री कुणालाच नाही. त्यावरून 'लाबोरातोरियुम', कष्ट करायची जागा. भट्टी फुंकणारे, अर्क गाळणारे, काजळीने माखलेले लोक जिथे राबत ती खोली. पांढरे डगले फार नंतर आले. आपण तिला प्रयोगशाळा म्हटलं. त्यात प्रयोग आला, शाळा आली, राबणारा हात तेवढा गळाला.

"माझी बाटल्या धुण्याची मोरी धरून?" मावशींनी विचारलं.

"मोरी धरूनच."

त्यांनी कागदाची घडी घातली. "बस. एवढंच हवं होतं."

दुसऱ्या दिवशी चौकशी. साहेब, केमिस्ट बाई, मावशी आणि वस्तीतर्फे मी.

"मावशी, सही करा. उगाच फाटे फोडू नका."

"साहेब, माझा लॅबोरेटरीशी संबंध नाही म्हणता, आणि चूकही माझीच म्हणता. यातलं एक खोडा, मग बोलू."

"अहो, तुम्ही फक्त धुता."

"धुतेच. लॅबोरेटरी या शब्दाचा अर्थच कष्टाची जागा. तुम्ही तिथे वर्षातून दोनदा येता, फोटो काढायला."

केमिस्ट बाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड लपवलं.

"बाई, या वस्तीच्या बाटल्या धुतल्या त्या तारखेची बाटली फळीवरून आणा," मावशी म्हणाल्या. "त्याच घाण्यातली आहे. माझ्या धुण्यात शिसं असेल तर हिच्यातही सापडेल. नाही सापडलं, तर ते नळात आहे."

"आणि सापडलं तर?"

"तर सही करते आणि घरी जाते. लावा यंत्र."

साहेबांनी बाईंना हाताने खूण केली. बाईंनी आमच्यासमोर सील तोडलं. यंत्र घरघरत होतं, मावशी दाराशी उभ्या. खुर्ची दिली तर म्हणाल्या, "नको, उभं राहायची सवय आहे." त्यांच्या पदराचं टोक मात्र बोटाभोवती घट्ट गुंडाळलेलं मला दिसत होतं.

आकडा आला. शिसं नाही.

बाईंनी रजिस्टरमध्ये निकाल लिहिला आणि 'तपासणीत सहभाग' या रकान्यावर बोट ठेवून पेन मावशींच्या हातात दिलं. सही हवी होती ना साहेबांना? मिळाली. अक्षर वाकडं, पण नाव पूर्ण. आमचा अहवाल कायम राहिला.

साहेब एकदम मऊ झाले. "मावशी, उद्यापासून पुढच्या दाराने येत जा."

"कशाला? मोरी मागे आहे, म्हणजे लॅबोरेटरी मागेच आहे. तुम्हीच या कधी तिकडून. फक्त चपला बाहेर काढा, मी लादी पुसलेली असते."